यूएसबीने जोडलेला प्रिंटर शेअर करायचा, तर तो विंडोजकडे असावा की लिनक्सकडे?

अक्कलकोट रोड (धागाकर्ता)

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून सोलापुरातल्या लहान कार्यालयांत एक नवीच सरमिसळ दिसू लागली आहे. ज्या संगणकांवर विंडोज ११ चढत नाही, पण जे भंगारात घालावेत इतके निकामीही झालेले नाहीत, त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकले जात आहे. आमच्या टॉवेलच्या कारखान्यातही आता हेच चित्र आहे. दिवाणजींच्या टेबलावर टॅलीसाठी विंडोज ११ आहे, माल रवाना करणाऱ्या आणि सूतखरेदीच्या टेबलांवर लिनक्स मिंट आहे, आणि निर्यातीच्या मालाची डिझाइने करणाऱ्या सहकाऱ्याकडे मॅकबुक आहे. लेझर प्रिंटर मात्र एकच, आणि तोही केवळ यूएसबीचा. तो दिवाणजींच्या संगणकाला जोडलेला असल्याने बाकीची मंडळी पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहतात.

माझे मत असे आहे की असा प्रिंटर विंडोजवरून शेअर करण्याच्या फंदात पडू नये. तो एखाद्या जुन्या, दिवसभर चालू राहणाऱ्या लिनक्स संगणकाला जोडावा, त्यावर कप्स ही मुद्रणव्यवस्था चालवावी आणि बाकी सर्वांनी आयपीपी या प्रमाणित मार्गाने, ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून (नेटवर्कवरच्या ठराविक दारातून), आपले काम तिच्याकडे पाठवावे.

पानाचे प्रिंटरला कळणाऱ्या रूपात रूपांतर नेमके कोठे व्हावे, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. आपल्याकडे सर्रास दिसणारे कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० यांसारखे लहान लेझर प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषा जाणत नाहीत. पान ठिपक्यांत बदलण्याचे काम संगणकाने करायचे आणि त्या त्या कंपनीच्या खास भाषेत ते प्रिंटरकडे धाडायचे, अशी त्यांची रचना आहे. १०२० ला तर दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअरसुद्धा (प्रिंटर चालवणारा त्याचा अंतर्गत प्रोग्रॅम) संगणकाकडूनच घ्यावे लागते. विंडोजच्या नेहमीच्या शेअरिंगमध्ये हे रूपांतर सहसा पाठवणाऱ्याच्या संगणकावर होते, म्हणून प्रत्येक यंत्रावर आणि प्रत्येक प्रणालीसाठी त्या प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम) लागतो. कप्सच्या पद्धतीत पाठवणारा पीडीएफसारखे सर्वांना समजणारे रूप पाठवतो आणि पुढचा सगळा भार प्रिंटर जोडलेला संगणक उचलतो. मॅकचा प्रश्न तर उरतच नाही, कारण ॲपलने २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ पासून कप्सच स्वीकारली आहे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कारणांसह लिहावे.

नवी पेठ

मला हे पटत नाही. एक प्रिंटर चालवण्यासाठी आणखी एक संगणक दिवसभर जागा ठेवायचा, त्याची वीज, त्याचा यूपीएस आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या पंख्याची घरघर सोसायची, हा हिशेब कोणत्या मालकाला मान्य होईल? विंडोजचा संगणक तसाही चालूच असतो. त्यावर प्रिंटर शेअर करणे नवी पेठेतल्या कोणत्याही दुरुस्तीवाल्या मुलाला येते. कप्सची संरचना-फाइल उघडून दाखवा म्हटले तर त्यांतले किती जण पुढे येतील, याचा विचार धागाकर्त्यांनी केलेला दिसत नाही.

शिवाय लिनक्स मिंटमधूनही विंडोजचा शेअर वापरता येतो. प्रिंटर जोडताना साम्बाचा (लिनक्सला विंडोजचे शेअरिंग वापरू देणाऱ्या प्रोग्रॅमचा) पर्याय निवडावा, विंडोजवरचे खाते आणि पासवर्ड द्यावा, म्हणजे काम झाले. कॅननने एलबीपी २९०० साठी इंटेल प्रकारच्या संगणकांवर चालणारा लिनक्स ड्रायव्हर दिलेला आहे. कंपनीच्या मूळ ड्रायव्हरमधून काम गेले की टोनर वाचवण्यासारखे पर्याय हाताशी राहतात. सामान्य ड्रायव्हरमधून गेले की त्यांतले बरेचसे नाहीसे होतात. आहे त्या सोयी टाकून देऊन आपण नेमके काय मिळवणार आहोत, हे स्पष्ट व्हावे.

अक्कलकोट रोड (धागाकर्ता)

मिळवायचे ते स्थैर्य. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या सेवेमधली) प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली. ऑगस्टच्या सुधारणेपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यास प्रशासकाचे अधिकार लागू लागले. सप्टेंबरच्या सुधारणेनंतर तर शेअर केलेल्या प्रिंटरवर, शेवटी ११बी असलेला तो कुप्रसिद्ध त्रुटिक्रमांक जगभर दिसू लागला. विंडोज ११ च्या २०२२ मधल्या २२एच२ आवृत्तीत संगणकांमधला मुद्रणसंवाद नेम्ड पाइप या जुन्या मार्गाऐवजी टीसीपी या नेटवर्कच्या सामान्य मार्गावरून होऊ लागला आणि २४एच२ पासून विंडोज ११ प्रोमध्ये एसएमबीवर (विंडोजच्या फाइल व प्रिंटर शेअरिंगच्या पद्धतीवर) डिजिटल स्वाक्षरीची सक्ती आली. यांतला प्रत्येक बदल सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होता, हे मी नाकारत नाही. परंतु एकाच जातीची यंत्रे असतील तर असे बदल एकत्र होतात. तीन जातींची असतील तर एक पुढे जाते आणि दोन दारात अडकतात.

साम्बाच्या मार्गाने जोडताना दिलेला पासवर्ड लिनक्सवर कप्सच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत साठतो, हेही लक्षात घ्यावे. ती फाइल सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही हे खरे, पण ज्या खात्यावर टॅलीचा विदा आहे त्याचाच पासवर्ड तेथे पडून असणे मला रुचत नाही. आणि विंडोजचा संगणक चालूच असतो म्हणता, तर दिवाणजी जेवायला गेले की तो निद्रिस्त होतो, याला काय करावे?

नवी पेठ

निद्रिस्त होऊ नये अशी मांडणी सेटिंगमध्ये जाऊन लगेच करता येते; त्यासाठी कार्यप्रणाली बदलावी लागत नाही. पासवर्डासाठी म्हणाल, तर केवळ मुद्रणाचे वेगळे मर्यादित खाते विंडोजवर उघडता येते.

सात रस्ता

दोन्ही बाजू एका जुन्या प्रिंटरला वाचवण्यासाठी भांडत आहेत. वायफाय किंवा लॅनचा प्रिंटर घ्या आणि हा विषय संपवा. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट ही ड्रायव्हरविना छापण्याची सोय आणली, २०१३ मध्ये त्याच हेतूने मोप्रिया ही कंपन्यांची संघटना उभी राहिली आणि आज मिळणारे बहुतेक नेटवर्क प्रिंटर ड्रायव्हरविना विंडोज, लिनक्स, मॅक आणि फोन या सर्वांकडून काम घेतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा आराखडा जाहीर केला. वारा कोणीकडे वाहतो आहे ते यातून कळते.

एक इशारा मात्र देतो. मधला मार्ग म्हणून यूएसबीचे नेटवर्क करून देणारी लहान डबी काही जण घेतात, किंवा राउटरच्या यूएसबी खाचेत प्रिंटर खोचतात. अशी साधी डबी बाइट पुढे सरकवते, रूपांतर करत नाही. पाठवणाऱ्याच्या यंत्रावर ड्रायव्हर लागतोच, आणि ज्या प्रिंटरला संगणकाकडून फर्मवेअर हवे असते तो तेथे गप्प बसण्याचीच शक्यता अधिक. तेथे पैसे घालवू नयेत.

अक्कलकोट रोड (धागाकर्ता)

डबीबद्दल पूर्ण सहमत. नवा प्रिंटर घेण्याबद्दल नाही. १०२० ला लागणारे १२ए टोनर भरून देणारे आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत, सुटे भाग सहज मिळतात, आणि धूळ व सुताचा कोंडा खाऊनही हे प्रिंटर वर्षानुवर्षे चालतात. जो प्रिंटर नीट पान काढतो आहे, तो केवळ त्याला नेटवर्क कळत नाही म्हणून काढून टाकणे मला उधळपट्टी वाटते.

विजापूर वेस

करसल्लागाराच्या कार्यालयातला माणूस म्हणून वेगळेच सांगतो. प्रिंटर शेअर करूच नये. कोणाचे वेतनपत्रक, कोणाचे विवरणपत्र प्रिंटरच्या तोंडाशी पडून राहते आणि येणारा-जाणारा अशील ते सहज वाचतो. आमच्याकडे प्रत्येक जण पीडीएफ करून एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो आणि छापण्याचे काम एकाच माणसाकडे आहे. कोणती कार्यप्रणाली कोणाकडे आहे हा प्रश्नच येत नाही आणि कागदही कमी लागतो. पद्धत मंद आहे, हे मान्य.

जुळे सोलापूर

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचे काम पाहत असल्याने काही तांत्रिक मुद्दे मांडतो.

जुन्या संगणकाऐवजी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा लहान संगणक) वापरली तर विजेचा आणि उष्णतेचा आक्षेप जवळजवळ मिटतो. परंतु येथे प्रिंटरचे मॉडेल पाहूनच निर्णय घ्यावा. लेझरजेट १०२० तिच्यावर चालवता येतो, कारण त्याचा मुक्त ड्रायव्हर उपलब्ध आहे. कॅननचा स्वतःचा एलबीपी २९०० चा ड्रायव्हर मात्र इंटेल प्रकारच्या प्रोसेसरसाठीच आहे आणि पायचा प्रोसेसर एआरएम या वेगळ्या प्रकारचा आहे, त्यामुळे स्वयंसेवकांनी लिहिलेल्या पर्यायी ड्रायव्हरवर विसंबावे लागते.

धागाकर्ते विंडोजच्या त्रुटींची यादी देतात, पण सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या परिवारातच गंभीर त्रुटी उघड झाल्या, हे सांगत नाहीत. कप्स-ब्राउज्ड ही उपसेवा ६३१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर कोणाचेही ऐकत असे. त्या वाटेने खोटा प्रिंटर घुसवता येई आणि त्यावर काम पाठवले जाताच हल्लेखोराची आज्ञा चालू शके. तेव्हा लिनक्स म्हणजे निर्धोक, असा समज कोणी करून घेऊ नये.

शिवाय सोलापुरातली कितीतरी जुनी मराठी पत्रके श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत आहेत. फाँट आत न बसवलेली पीडीएफ लिनक्सवर गेली की तिचा गिचमिड काला होतो. दिवाणजींच्या विंडोजवर तो फाँट असतो, म्हणून तेथे पान नीट छापले जाते. हा फरक छोटा नाही.

अक्कलकोट रोड (धागाकर्ता)

फाँटांचा मुद्दा रास्त आहे, परंतु दोष मुद्रणव्यवस्थेकडे जात नाही. विंडोजवरून कप्सकडे काम जाते तेव्हा अक्षरांचे आकार त्या कामासोबतच जातात; समोरच्या लिनक्सवर श्रीलिपी असण्याची गरज नसते. अडचण येते ती अशी पीडीएफ मिंटवर उघडताना, आणि ती तेव्हा पडद्यावरच दिसते. पीडीएफ करतानाच फाँट आत बसवणे हा त्यावरचा उपाय आहे.

२०२४ च्या त्रुटींबाबत: कप्स-ब्राउज्ड ही सेवा दुसऱ्यांचे प्रिंटर शोधण्यासाठी असते. आपला प्रिंटर शेअर करणाऱ्या यंत्रावर ती बंद ठेवली तरी काही अडत नाही. ६३१ पोर्ट कार्यालयाच्या जाळ्यापुरते उघडावे आणि राउटरवरून बाहेर अजिबात जाऊ देऊ नये.

ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांच्यासाठी थोडे अधिक लिहितो. विंडोज ११ वर प्रिंटर जोडताना यादीतून शोधण्याच्या भानगडीत न पडता लिनक्स संगणकाचा स्थिर आयपी पत्ता, ६३१ पोर्ट आणि रांगेचे नाव असलेला एचटीटीपी पत्ता हाताने द्यावा. ड्रायव्हर म्हणून मायक्रोसॉफ्टचा आयपीपी क्लास ड्रायव्हर घ्यावा, आणि तो जमला नाही तर एमएस पब्लिशर इमेजसेटर हा सामान्य पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर चालतो. कागदाचा आकार दोन्हीकडे ए४ करावा, कारण तो अनेकदा अमेरिकी लेटर असतो आणि मग पावतीची खालची ओळ कापली जाते. वीज जाऊन प्रिंटर बंद पडला की कप्सची रांग काही मांडणींत थांबून राहते आणि वीज आल्यावरही हलत नाही; म्हणून त्रुटीनंतरचे धोरण बदलून काम पुन्हा करून पाहण्याचे ठेवावे. आपल्याकडच्या विजेच्या लपंडावात ही एक ओळ बाकी सगळ्या मांडणीइतकी मोलाची आहे. मॅकबुक जर वेगळ्या राउटरच्या वायफायवर असेल तर त्याला प्रिंटर आपोआप दिसणार नाही, कारण ती ओळख एका उपजाळ्यापलीकडे (एका राउटरच्या जाळ्यापलीकडे) जात नाही. तेथेही पत्ता हाताने द्यावा.

नवी पेठ

इतके वाचल्यावर माझा आक्षेप अधिकच पक्का झाला. हे सगळे तुम्ही जाणता म्हणून तुमच्याकडे चालेल. तुम्ही गावाला गेलात आणि रांग थांबली, तर दिवाणजींनी कोणाला फोन करायचा? विंडोजवर निदान प्रिंटरची खिडकी त्यांच्या ओळखीची असते. आणि बिल्टी व चलनांचा डॉट मॅट्रिक्स तुम्ही कोठे ठेवणार? टॅलीतून जलद छपाई करताना थेट मजकूर जातो. त्याला कप्सच्या रूपांतरातून नेले तर वेग आणि ओळींची मांडणी दोन्ही बिघडतील.

अक्कलकोट रोड (धागाकर्ता)

डॉट मॅट्रिक्स दिवाणजींकडे विंडोजलाच जोडलेला राहील. त्यावर दुसरे कोणी छापत नाही, म्हणून तो शेअर करण्याचा प्रश्न नाही. थांबलेली रांग पुन्हा सुरू करण्याचे कप्सचे पान ब्राउझरमध्ये उघडते, आणि ते माल रवाना करणाऱ्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवून ठेवले आहे.

नवी पेठ

त्या सहकाऱ्यांनी नोकरी सोडेपर्यंत ठीक आहे. माझ्या गिऱ्हाइकांना मी विंडोजचेच सांगत राहीन, मात्र मुद्रणाचे वेगळे खाते उघडून आणि निद्रा बंद करून.