स्कॉटलंडच्या गेलिक भाषा बोलणाऱ्या लोकांच्या वस्तू आणि समाजइतिहास यात मास्टर्स करायचंय, कोणी केलंय का?

सत्तरीची पोर
नमस्कार, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईची, हिस्टरीत एमए झालंय, प्रबंध कुळागरातल्या (म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या) अवजारांवर केला होता. वाचता वाचता स्कॉटलंडच्या हायलँड्समधला कास-ख्रोम सापडला, म्हणजे पायाने रेटायचा वाकडा लाकडी नांगर, जिथे घोडा फिरू शकत नाही अशा दगडाळ उतारावर माणूस एकटा उभा राहून जमीन उलटायचा. तेव्हापासून डोक्यातून जातच नाही. स्काय बेटावर सॉल मोर ऑस्टेग म्हणून गेलिक कॉलेज आहे तिथे जावंसं वाटतं. इंग्रजीवर भागेल का? आणि घरचे विचारतात इथलं सोडून तिथलं कशाला, त्यांना काय सांगू?

डिचोलीकर
इंग्रजीवर तिथे भागणार नाही, कारण शिकवणंच गेलिकमधून चालतं, १९७३ साली कॉलेज निघालं तेच त्यासाठी. पण त्यांचा घरबसल्या करायचा भाषेचा कोर्स आहे, तो आधी कर. इंग्रजीतून करायचं असेल तर एडिनबरा, ग्लासगोला सेल्टिकचे (गेलिक ज्या भाषाकुळातली आहे त्याचे) विभाग आहेत. मी ग्लासगोला एक वर्ष होतो (विषय दुसरा होता), पण लुईस बेटावर आर्नोलचं जुनं घर बघायला मुद्दाम गेलो. दगडाच्या दोन भिंती आणि मधे माती भरलेली, गवताचं छप्पर, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, मधोमध पीटची (दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या इंधनाची) आग आणि धुरांडं नाहीच! धूर छपरात मुरायचा आणि ते काजळी धरलेलं गवत उतरवून शेतात खत म्हणून टाकायचे. बघ म्हणजे घर आणि शेत वेगळं नाहीच. त्याला ताय-दू म्हणतात, काळं घर, पण हे नाव चुन्याने बांधलेली नवी ‘पांढरी’ घरं आल्यावर पडलं, त्याआधी ते नुसतं घर होतं. भाषा येत नसेल तर अशा गोष्टी हातून निसटतात.

फोंड्याचे मास्तर
बाळ, समाजइतिहासाच्या बाजूने एक सांगतो. १८८३ साली नेपियर आयोग हायलँड्समध्ये गावोगाव फिरला, बेटांवरच्या क्रॉफ्टरांनी, म्हणजे तिथल्या छोट्या कुळांनी, जमीनदाराच्या समोर उभं राहून साक्षी दिल्या. पुष्कळांनी गेलिकमधून दिल्या, दुभाषा मधे होता, आणि छापलं गेलं ते इंग्रजीत. त्यातून १८८६ चा कायदा झाला, रास्त भाडं ठरलं आणि मनाला येईल तेव्हा घरातून हाकलणं बंद झालं. हे वाचताना आपला १९६४ चा कूळ कायदा नि १९७५ चा मुंडकार (भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) कायदा आठवल्याशिवाय राहत नाही. माझे वडील मुंडकार होते, माडाखालची ती खोपटी आपली म्हणून कागदावर आली त्या दिवशी आई दारातच बसून रडली. घरच्यांना हेच सांग, की तिथलं शिकलीस तर इथले प्रश्न नीट विचारता येतील. गोव्यात यावर काम करणारी माणसं फार थोडी आहेत, तू जाच.

कुळागरवाली
मास्तरांना हात जोडून नमस्कार. मी फक्त गाण्यांबद्दल लिहिते. विणलेलं ट्वीड, म्हणजे तिथलं लोकरीचं कापड, भिजवून टेबलाभोवती बसून बायका ते आपटायच्या, कापड घट्ट व्हावं म्हणून, एकीने ओळ म्हणायची बाकीच्यांनी धरायची, ताल हाताचा. जुन्या काळी भिजवायला साठवलेलं मूत्र वापरायचे. टोबर अन डुआलखस नावाच्या साइटवर अशी कितीतरी जुनी रेकॉर्डिंग फुकट ऐकता येतात. ऐकलं तेव्हा मला जात्यावरची ओवी आठवली, तिथेही आधी काम आणि मग गाणं, जातं थांबलं की ओवी थांबली. माझ्या आजीचं गेलं ते असंच, गिरणी आली आणि तिला ओव्या आठवेनात. तुझी आजी आहे ना अजून? तिच्याजवळ बस आधी.

डिचोलीकर
पैशांचं राहिलंच. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, म्हणजे तुला वेळ आहे, तोवर भाषा होईल. आणि अर्ज लिहिताना कुळागराचा प्रबंध पुढे ठेव.

सत्तरीची पोर
सगळ्यांचे आभार, मास्तर तुमचं वाचून बाबांना फोन केला, पहिल्यांदाच ते गप्प ऐकत बसले. भाषेच्या कोर्सचं बघते. काल आजीची आदोळी समोर ठेवून प्रत्येक भागाचं नाव विचारलं, खोबरं किसायच्या दात्यांना ती वेगळंच काहीतरी म्हणाली जे मी कधीच ऐकलं नव्हतं, दोनदा म्हणायला लावून रेकॉर्ड केलं. कुळागरवाली, तुमच्याकडे काय म्हणतात?