न्यायाधीशांना घरी बसवण्याचा हक्क मतदारांना असावा का?

उंबरठा (धागाकर्ता)

सरकारच्या सत्तेला मर्यादा हव्यात असे म्हणताना न्यायालय हेही राज्यसत्तेचेच एक अंग आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात निवड समितीने सुचवलेल्या तीन नावांतून राज्यपाल सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश नेमतो आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी मतपत्रिकेवर एवढेच विचारले जाते की, यांना पदावर ठेवावे की नाही. समोर प्रतिस्पर्धी नसतो. एप्रिल 2009 मध्ये तेथील सातही न्यायाधीशांनी एकमताने समलिंगी विवाहावरील बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांच्यापैकी ज्या तिघांची पाळी आली त्यांना, मुख्य न्यायाधीश मार्शा टर्नस यांच्यासह, मतदारांनी पायउतार केले. निवाडा मला योग्यच वाटतो, तरीही मतदारांचा तो हक्क मला मान्य आहे. कारण ज्याला कोणीच जाब विचारू शकत नाही त्याच्याच हाती अखेरचा शब्द सोपवला, तर सत्ता मर्यादित राहिली असे म्हणता येत नाही.

कलमबहाद्दर

सहमत नाही. आपण ज्या मतपत्रिकेचा दाखला देत आहात, तिच्यावर त्याच दिवशी आणखी एक प्रश्न होता : राज्यघटनेत बदल सुचवण्यासाठी परिषद बोलवावी का? हा प्रश्न आयोवात दर दहा वर्षांनी विचारला जातोच. निवाडा चुकीचा वाटत असेल तर घटना बदलण्याची वाट तेथे खुली होती. मतदारांनी ती मोठ्या बहुमताने नाकारली आणि तिघांना मात्र घरी बसवले. म्हणजे कायदा जसाच्या तसा राहिला, निवाडाही राहिला, गेली ती केवळ माणसे. याला जबाबदारी म्हणायचे की राग काढणे? शिवाय पुढचा खटला ऐकताना उरलेल्या न्यायाधीशांच्या मनात पक्षकारांऐवजी मतमोजणी आली, तर सरकारविरुद्ध एकट्या नागरिकाने दाद मागायची कोणाकडे?

उंबरठा

परिषद बोलावली की संपूर्ण घटनाच चर्चेला येते. एका निवाड्यासाठी तेवढा धोका मतदारांनी पत्करला नाही, यात मला विसंगती दिसत नाही.

वाळवंट

पैशाबद्दल कोणी बोलतच नाही. वेस्ट व्हर्जिनियात 2004 मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने, डॉन ब्लँकनशिप यांनी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत ब्रेंट बेंजामिन यांच्या विजयासाठी सुमारे 30 लाख डॉलर खर्च केले. त्या वेळी याच कंपनीवर 5 कोटी डॉलरची भरपाई लादणाऱ्या निकालाविरुद्धचे अपील त्या न्यायालयात यायचे होते. निवडून आलेल्या न्यायाधीशांनी खटल्यातून बाजूला होण्यास नकार दिला आणि कंपनीच्या बाजूने मत दिले. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांनी बाजूला व्हायला हवे होते असे ठरवले, तेही जेमतेम 5 विरुद्ध 4 मतांनी.

उंबरठा

ती थेट लढत होती, आयोवाची पद्धत वेगळी. आणि मतदार नकोत तर मग कोण? संसद? न्या. पी. बी. सावंत यांच्या चौकशी समितीने आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले, आणि 1993 मध्ये सत्ताधारी काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिल्यामुळे त्यांना हटवण्याचा प्रस्ताव लोकसभेत बारगळला. आपली ही व्यवस्था ज्यांना पुरेशी वाटते, त्यांचे मला नवल वाटते.

कलमबहाद्दर

संसदेने कच खाल्ली हे मान्य. पण तो प्रश्न गैरवर्तनाचा होता आणि आयोवातील तिघांवर तसा आरोपच नव्हता. त्याच निवाड्याच्या बाजूने असलेले डेव्हिड विगिन्स यांची पाळी 2012 मध्ये आली, तेव्हाही विरोधकांनी मोहीम चालवली, पण मतदारांनी त्यांना कायम ठेवले. निवाडा एक, मत एक. ज्यांची पाळी दोन वर्षे आधी आली ते गेले आणि ज्यांची नंतर आली ते राहिले. यात न्यायाधीशाला नेमका कोणत्या गोष्टीचा जाब विचारला गेला, ते आपण सांगावे.