टॅबलेटवर वर्तुळ दिसलं नाही म्हणजे आकाश मोकळं, असं नाही

'टॅबलेटवरच्या नकाशात लाल वर्तुळ दिसत असताना अमेरिकेत वैमानिक टीएफआरमध्ये (तात्पुरते उड्डाण-निर्बंध असलेल्या हवाई क्षेत्रात) शिरतातच कसे?' याचं उत्तर बहुतेक वेळा एकच: वर्तुळ नंतर आलेलं असतं, किंवा नोटॅमची (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेची) वेळ चुकीची वाचलेली असते.

नोटॅममधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात १५ तारखेचे रात्रीचे ९ म्हणजे यूटीसीनुसार १६ तारखेचे ०१००. तारीखच बदलते, आणि 'हे उद्याचं आहे' असं समजून माणूस आजच आत शिरतो. एडीएस-बीवरून (जमिनीवरच्या केंद्रांच्या रेडिओ प्रक्षेपणातून) विमानात येणारी टीएफआरची माहितीही अपुरी असू शकते, तिच्यावर विसंबू नका.

राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यात साधारणपणे १० नॉटिकल मैल त्रिज्येचं आतलं आणि ३० नॉटिकल मैल त्रिज्येचं बाहेरचं वर्तुळ असतं. बाहेरच्यात जायचं तर फ्लाइट प्लॅन, स्वतंत्र स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखू येण्यासाठीचा चार अंकी कोड) आणि एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रणाशी) सतत संपर्क, तिन्ही हवंच. १२०० या सर्वसाधारण कोडवर फिरणं चालत नाही.

म्हणून उड्डाणापूर्वी अगदी शेवटी १-८००-डब्ल्यूएक्स-ब्रीफला (वैमानिकांना उड्डाणापूर्वीची माहिती देणाऱ्या सेवेला) फोन करा, आणि वाटेत फ्लाइट फॉलोइंग (एटीसीने रडारवर तुमच्यावर लक्ष ठेवणं) घ्या. माझ्या मते सगळ्यात उपयोगी सवय हीच. मात्र टीएफआर टाळण्याची जबाबदारी तरीही तुमचीच.

शेजारी लढाऊ विमान आलंच, तर पंख हलवून प्रतिसाद द्या, त्याच्या मागे जा, १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर बोला, एटीसीने वेगळं सांगितलं नसेल तर ७७०० हा आणीबाणीचा स्क्वॉक कोड लावा. उतरल्यावर १० दिवसांच्या आत नासाकडे एएसआरएस (विमान-सुरक्षेविषयीचा ऐच्छिक) अहवाल पाठवा. चूक अजाणता झाली असेल तर दंड किंवा परवाना निलंबन त्यामुळे टळू शकतं.