.२२ आणि .३०८ : एकाच सप्रेसरवर भागेल का?

तात्या_टेक्सास: ग्रीन कार्ड आहे, टेक्सासमध्ये राहतो. दोन बोल्ट अ‍ॅक्शन रायफली आहेत. एक .२२ एलआर, तोंडाला १/२×२८ आटे. दुसरी रानडुकरांसाठी .३०८, आटे ५/८×२४. .३० कॅलिबरचा एकच सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचं, आवाज कमी करणारं नळकांडं) अडॅप्टर लावून दोन्हीवर चालवता येईल का? आणि साफसफाई किती गोळ्यांनंतर, कशाने?

सातारकर: चालेल, पण चालवू नका. .२२ ची गोळी .३० च्या भोकातून आरामात जाते, प्रश्न मळाचा आहे. .२२ एलआरची गोळी बहुधा उघड्या शिशाची, वर मेणाचा हात, आणि दाब जेमतेम २४,००० पीएसआय. शिसं, मेण, अर्धवट जळलेली दारू सगळं बॅफलवर (सप्रेसरच्या आतल्या, मधे भोक असलेल्या चकत्यांवर) बसतं. .३०८ ची गोळी तांब्याच्या आवरणाची आणि दाब ६२,००० पर्यंत, त्यामुळे मळ बराचसा उडून जातो. म्हणूनच .३०८ चे बरेच सप्रेसर वेल्ड करून बंद केलेले असतात. अशा बंद डब्यात शिसं साठलं की खरवडायला वाटच नाही.

.२२ साठी पूर्ण उघडणारा वेगळा घ्या, बॅफल १७-४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे किंवा टायटॅनियमचे. अ‍ॅल्युमिनियमचे हलके नि स्वस्त, पण साफ करताना नखरे फार. .३०८ चा घेताना मॅन्युअलमध्ये नळीची किमान लांबी बघा. त्याहून आखूड नळीवर लावला तर जळती दारू पहिला बॅफल वाळूचा मारा केल्यासारखा झिजवते.

कॅटलॉगमधल्या डेसिबलच्या आकड्यांवर भुलू नका, माइक कुठे ठेवला त्यावर ते बदलतात. .३०८ चा आवाज साधारण १६५ वरून १३५-१४० वर येतो, म्हणजे कान झाकायचेच. गोळी ध्वनीपेक्षा वेगात गेली की तिचा ‘कडाड’ उरतोच. .२२ मध्ये तो नको असेल तर सेकंदाला १,०५० फुटांच्या आसपासची सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाची) गोळी घ्या.

रेंजवाला: +१. .२२ चा ३००-५०० गोळ्यांनंतर उघडा. लांबवलं तर बॅफल नळकांड्यात धरतात आणि हातोडीची पाळी येते. नवा असतानाच वजन करून लिहून ठेवा, मळ किती साठला ते काटाच सांगतो. बॅफलचा क्रम आणि दिशा दाखवणारा फोटोही काढा. उलटा बसलेला बॅफल गोळीला आडवा येऊ शकतो. जोडण्याआधी सिलिकॉन ऑइलचा पातळ हात फिरवला की पुढच्या वेळी थर सुटा निघतो.

कोरडं खरवडू नका, शिशाची धूळ नाकात जाते. ओलं ठेवून, नायट्राइल हातमोजे घालून, स्वयंपाकघराच्या सिंकपासून लांब. स्टेनलेसचे बॅफल स्टीलच्या पिना असलेल्या ओल्या टंबलरमध्ये (गोल फिरणाऱ्या सफाईच्या पिंपात) दोन-तीन तास. अ‍ॅल्युमिनियमचे त्यात नाही.

सातारकर: व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं ‘डिप’ (बॅफल बुडवून ठेवायचं द्रावण) कोणीतरी सुचवेलच. नको. त्यात शिशाचं लेड अ‍ॅसिटेट होतं, पाण्यात विरघळणारं विष. मोरीत ओतता येत नाही, घातक कचरा म्हणून द्यावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमही खातं.

ऑस्टिनकर: मळापेक्षा सप्रेसर जास्त मरतात ते तिरके किंवा सैल बसल्याने. गोळी बॅफलला घासते आणि संपलं. आटे पुसा, नळीच्या खांद्यावर पूर्ण टेकेपर्यंत फिरवा. क्रश वॉशर (दाबून चपटा होणारा वॉशर) कधीच नको, तो एका बाजूला जास्त दबतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळीत अलाइनमेंट रॉड (सरळपणा तपासायची सळई) घाला, तो पुढच्या भोकाच्या मधोमध दिसला पाहिजे. दर मॅगझिननंतर जाड हातमोजा घालून घट्टपणा तपासा. लावल्यावर गोळी वेगळ्या जागी लागते, म्हणून झिरो (दुर्बिणीचा नेम जुळवणं) नव्याने करा. घरी जाण्याआधी कोमट असतानाच काढा. तसाच राहिला तर कार्बन आटे धरतो आणि आतल्या दमटपणाने नळी गंजते.

तात्या_टेक्सास: म्हणजे दोन घ्यायचे. बायकोलाही वापरता यावा तर? आणि एच-१बी वाल्या मित्राला?

ऑस्टिनकर: ट्रस्टच्या नावाने फॉर्म ४ (सप्रेसर आपल्या नावावर करण्याचा केंद्रीय अर्ज) भरा आणि वहिनींना ट्रस्टी करा, त्यांचेही फोटो, बोटांचे ठसे लागतील. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, कागद मात्र तेवढेच. मंजुरी येईपर्यंत सप्रेसर दुकानातच. मित्राच्या हाती देऊ नका. वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर तो केंद्रीय गुन्हा आहे. आणि बॅफल फुटला तर स्वतः बदलू नका. सुटा बॅफलही कायद्याने सप्रेसरच, दुरुस्तीला तो बनवणाऱ्या कंपनीकडे किंवा परवाना असलेल्या सप्रेसर उत्पादकाकडे पाठवायचा.