कोणाला घ्यायचं सांगता, मग कोणाला काढायचं तेही सांगा

गंगापूर रोड (धागा सुरू करताना)

2027 चा एकदिवसीय विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. पण ऑक्टोबर 2025 मध्ये कर्णधारपद रोहितकडून शुभमन गिलकडे गेलं आणि तेव्हापासूनच सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा सातजणांत दोन तट पडलेत. रोहित-विराटला आफ्रिकेला न्यायचं की नाही, यावरून मिसळीच्या टेबलावर रस्सा दोनदा मागवून झाला तरी वाद मिटत नाही. परवा मी एकाला म्हटलं, "तुझे सगळे घेतले तर सतरा होतात. दोघं कोण काढू?" तो बराच वेळ बोलला नाही.

जागा पंधराच. म्हणून विचारतो, कोणत्या स्पर्धेच्या वेळी, कोणासाठी, कोणाशी भांडलात? अट एकच. जो हवा होता त्याच्याबरोबर, त्याच्यासाठी ज्याला बाहेर बसवलं असतंत त्याचंही नाव लिहायचं. खेळाडूंना शिव्या नकोत.

माझं भांडण बाबांशी, 2019 चं. बाबा रायुडूच्या बाजूचे, मी विजय शंकरच्या. बाबांचा मुद्दा वेलिंग्टनचा. फेब्रुवारीत न्यूझीलंडविरुद्ध 4 बाद 18 अशी अवस्था असताना रायुडूने 90 केल्या होत्या. माझा मुद्दा त्यानंतरचा, घरच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 13, 18 आणि 2. शिवाय इंग्लंडमध्ये थोडी गोलंदाजी करणारा हवा, असं मला मनापासून वाटायचं. पाकिस्तानविरुद्ध शंकरने पहिल्याच चेंडूवर इमामला पायचीत केलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "विकेट छान आहे. पण चौथ्या नंबरला कोण?"

त्या स्पर्धेत चौथ्या क्रमांकावर राहुल, हार्दिक, शंकर आणि पंत असे चौघे खेळले. उपांत्य सामन्यात रोहित, राहुल, कोहली प्रत्येकी एक धाव करून परतले, धावफलक 3 बाद 5. आपण 18 धावांनी हरलो. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. रायुडूला विश्वचषकापर्यंत संधी द्यायला हवी, असं आदल्या वर्षी कोहलीच म्हणाला होता. आज माझं मत असं, की एकदा जागा दिली की तीन डावांवर ती काढून घेऊ नये. रायुडू आत, शंकर बाहेर. बाबांना हे सांगायला मला दोन वर्षं लागली.

नाशिकरोड

वडील प्रेसमध्ये नोकरीला, आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. 2003. लक्ष्मणला वगळून दिनेश मोंगियाला घेतलं, तेव्हा समोरच्या काकांनी विश्वचषक बघणार नाही असं जाहीर केलं. मोंगिया डावखुरा, थोडी गोलंदाजी करणारा, शिवाय 2002 मध्ये गुवाहाटीला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद 159 केलेला. ही कारणं काकांना मान्य नव्हती. सेंच्युरियनला पाकिस्तानविरुद्ध सचिन मारायला लागला तेव्हा मात्र ते चप्पल न घालताच आमच्या दारात आले. 98 वर सचिन बाद झाला तेव्हा आत येऊन बसले, ते सामना संपेपर्यंत.

माझी तक्रार लक्ष्मणची नाही, अंतिम सामन्यातल्या कुंबळेची आहे. ऑस्ट्रेलियाने 2 बाद 359 केल्या. ते दोन्ही बळी हरभजनचे, म्हणजे फिरकीचे. आणि पन्नासपैकी पंधरा षटकं सेहवाग, सचिन, मोंगिया आणि युवराज यांनी टाकली! कुंबळे तेव्हा बाहेर बसलेला. माझं उत्तर सरळ आहे: कुंबळे आत, मोंगिया बाहेर.

ओझर

नाशिकरोडकर, पटलं नाही. सात फलंदाजांच्या त्याच रचनेवर आपण सलग आठ सामने जिंकून तिथवर आलो होतो. अंतिम सामन्याच्या दिवशी ती मोडायची? गांगुलीने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली, त्याबद्दल भांडा, मी तुमच्या बाजूने येतो. पण कुंबळे खेळला असता, तर 359 चा पाठलाग करताना तुम्हीच म्हणाला असतात, एक फलंदाज कमी का खेळवला?

निफाड

आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची छाटणी. 2023 चा विश्वचषक मी बागेत, मोबाईल बांबूला बांधून ऐकत-बघत काढला. काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावायला आलेल्या बायकासुद्धा "किती झाल्या, भाऊ?" विचारायच्या.

पहिल्या चार सामन्यांत शमी बाहेर. पहिल्या सामन्यात अश्विन, पुढच्या तिन्हींत शार्दुल, कारण आठव्या क्रमांकाला बॅट धरणारा हवा होता. माझा चुलतभाऊ शार्दुलच्या बाजूचा. तो म्हणायचा, "2019 च्या उपांत्य सामन्यात सातवी विकेट गेल्यावर पुढे कोण होतं, आठव ना." मी म्हणायचो, त्याच उपांत्य सामन्यात शमी बाहेर होता, चार सामन्यांत चौदा बळी घेऊन, त्यात अफगाणिस्तानविरुद्धची हॅटट्रिक. ते तूच आठव. दोघंही खरं बोलत होतो, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

मग 19 ऑक्टोबरला पुण्यात हार्दिकने आपल्याच गोलंदाजीवर पायाने चेंडू अडवला आणि घोटा दुखावला. षटकातले उरलेले तीन चेंडू कोहलीने टाकले. हार्दिक हा एकटा माणूस फलंदाज म्हणूनही मोजला जायचा आणि गोलंदाज म्हणूनही. तो गेल्यावर संघात दोन बदल करावे लागले: फलंदाजीला सूर्यकुमार, गोलंदाजीला शमी, आणि हार्दिकबरोबर शार्दुलही बाहेर. धरमशाळेत शमीने पहिल्याच चेंडूवर विल यंगचा त्रिफळा उडवला, 54 धावांत पाच बळी घेतले. पुढे श्रीलंकेविरुद्ध वानखेडेवर 18 धावांत पाच, उपांत्य सामन्यात 57 धावांत सात. सात सामन्यांत चोवीस बळी.

मी जिंकलो, असं तेव्हा वाटलं होतं. पण अहमदाबादच्या अंतिम सामन्यात आपण 240 वर आटोपलो, ऑस्ट्रेलियाची अवस्था 3 बाद 47 केली, आणि मग हेड आणि लाबुशेन यांनी 192 ची भागीदारी केली. चौथी विकेट निघेना, तेव्हा चेंडू द्यायला सहावा माणूस नव्हता. चुलतभाऊ माझ्याच शेजारी बसला होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "एक माणूस कमी पडतोय रे."

शमी आत, शार्दुल बाहेर, हे मी आजही बदलणार नाही. पण हार्दिकसारखा दुसरा माणूस पंधरांत का नव्हता, हे मी पुण्याच्या सामन्याआधी कधी विचारलंच नव्हतं. त्याच्या जागी पुढे प्रसिध कृष्णा आला. चांगला वेगवान गोलंदाज, पण बॅट धरणारा नाही. तो एकही सामना खेळला नाही.

सातपूर

थोडक्यात लिहितो, शिफ्ट आहे. 2011 चा अंतिम सामना. मोहालीच्या उपांत्य सामन्यात नेहराचं बोट मोडलं, मला त्याच्या जागी अश्विन हवा होता. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने दोन बळी घेतले होते. श्रीशांत खेळला, आठ षटकांत 52 धावा, बळी नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी तावातावाने बोललो. मग गंभीरच्या 97, धोनीचा षटकार. त्या रात्री निवडीबद्दल कोणाला काही ऐकायचं नव्हतं, मलाही नाही. अश्विन आत, श्रीशांत बाहेर, हे आज पहिल्यांदा पुन्हा म्हणतोय.

सिन्नर

इथे कोणी महिला संघाचं लिहिलंच नाही, म्हणून मी लिहिते. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, लेगस्पिन टाकते. आमच्याकडच्या मुलींना इथलीच लेगस्पिनर माया सोनवणे ठाऊक आहे, तिच्यासारखी शैली करून बघतात.

2025 चा विश्वचषक. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडून हरल्यावर इंदूरला इंग्लंडविरुद्ध जेमिमाला बसवून रेणुकाला घेतलं. सहावा गोलंदाज हवा होता, कारण समजत होतं. 289 करायच्या होत्या, आपण चार धावांनी हरलो. मुलगी रडत म्हणाली, "आई, एक बॅटर जास्त असती तर?" मी तिला समजावलं, की आधीच्या सामन्यात गोलंदाज कमी पडल्या म्हणून तर हे केलं. तिला ते पटलं नाही आणि मलाही पूर्ण पटलं नव्हतं.

पुढच्याच सामन्यात जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर येऊन न्यूझीलंडविरुद्ध नाबाद 76, आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग करताना नाबाद 127. उपांत्य फेरीआधीच प्रतिका रावल जखमी झाली आणि मूळ पंधरांत नसलेली शफाली आली. अंतिम सामन्यात 87 धावा आणि दोन बळी, सामन्याची मानकरी.

तुमच्या अटीप्रमाणे कोणाला काढायचं ते लिहायला बसले तेव्हा मला प्रतिकाच दिसत होती. स्पर्धेत 308 धावा करून ती अंतिम सामन्याला व्हीलचेअरवर मैदानात आली. शफाली आधीपासून हवी होती असं सगळे म्हणतात. प्रतिकाला काढून? मी नाही काढणार. माझं उत्तर फक्त इंदूरपुरतं: जेमिमा आत, रेणुका बाहेर.

देवळाली कॅम्प

2025 ची चॅम्पियन्स ट्रॉफी. पाच फिरकी गोलंदाज बघून मी घरात कागद आपटला होता. बुमरा जखमी, सिराज नाही, आणि जयस्वालला काढून वरुण चक्रवर्ती! आपले सगळे सामने दुबईत, खेळपट्ट्या संथ, हे निवड समितीने माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं. वरुणने न्यूझीलंडविरुद्ध 42 धावांत पाच घेतले. मी सिराजसाठी वरुणला बाहेर बसवलं असतं. चुकलो असतो.

पंचवटी

मी जिल्ह्यासाठी खेळायचो, डावखुरा फिरकी. गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, सराव. बापू नाडकर्णी नाशिकचे, मद्रासला इंग्लंडविरुद्ध 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, हे आकडे आम्हाला पाढ्यासारखे पाठ असायचे.

एका वर्षी एकोणीस वर्षांखालच्या संघाची यादी लागली, मी बारावा. सांगण्यात आलं, की आठव्या क्रमांकाला बॅटिंग करणारा हवा होता. माझ्या जागी आलेला मुलगा माझा मित्र, आम्ही एकाच सायकलवर रामकुंडाकडून घरी यायचो. त्या दिवशीही आलो. तो पुढे, मी मागे कॅरिअरवर, दोघांच्या किट बॅगा माझ्या मांडीवर. होळकर पुलापर्यंत कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "तू असतास तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "मग तू कुठे गेला असतास?"

सामन्यात मी पाणी नेत होतो. त्याने बॅटिंगला नऊ धावा केल्या, पण स्लिपमध्ये दोन झेल घेतले. मी स्लिपमध्ये कधी उभा राहिलो नव्हतो. त्याचं नाव लिहीत नाही, तो हे वाचतोय.