बटणे कमी झाली म्हणजे रिमोट सुधारला का?

घोडबंदरकर (मूळ लेखन)

आमच्या संकुलातील ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत परवा पुन्हा तीच तक्रार निघाली, की नव्या टीव्हीच्या रिमोटवर आकडेच नसतात. हे रडगाणे मला समजत नाही. जुन्या रिमोटवर चाळीस-पन्नास बटणे असत आणि घरात त्यांपैकी पाच-सहाच झिजत. नवा रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्यामुळे तो टीव्हीकडे रोखून धरावा लागत नाही, मध्ये कोणी उभे राहिले तरी अडत नाही, आणि एकेक अक्षर निवडत बसण्याऐवजी बोलून शोध घेता येतो. ज्यांना नवे काही शिकायचेच नाही, त्यांनी आपला आळस तंत्रज्ञानाच्या माथी मारू नये.

नौपाड्याचा जुना रहिवासी

आपले लेखन वाचून सोडून देणार होतो, परंतु शेवटच्या वाक्यामुळे ते जमले नाही.

सुधारणा कशाला म्हणायचे, हे रिमोटच्याच इतिहासात पाहा. 1950 मध्ये झेनिथ या अमेरिकी कंपनीने आणलेला रिमोट वायरने टीव्हीला जोडलेला होता आणि ती वायर घरभर पायांत येत असे. 1955 मध्ये यूजीन पॉली यांनी प्रकाशझोतावर चालणारा रिमोट केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांतील संवेदकांवर झोत टाकायचा, पण ऊन आत आले की टीव्ही स्वतःच्या मर्जीने चॅनल बदलू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा ध्वनिलहरींवर चालणारा रिमोट आला. त्यात सेल नव्हतेच, आतली छोटी हातोडी अल्युमिनियमच्या दांडीवर आपटे. कारण सेल संपला तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असे समजेल, अशी विक्री विभागाला धास्ती होती. त्यापायी टीव्हीत सहा जादा व्हॅक्यूम ट्यूब बसवाव्या लागल्या आणि किंमत सुमारे 30 टक्क्यांनी वाढली. म्हणजे अडचण दिसली की ती दूर करण्याचा भार यंत्राने उचलला.

आज काय होते? आकडे काढून टाकले आणि त्या जागी ओटीटी कंपन्यांच्या नावांची बटणे आली. नेटफ्लिक्सचे बटण 2011 पासून रिमोटवर दिसू लागले, त्यानंतर इतरांची रांग लागली, आणि ही जागा फुकट दिली जात नाही हे उघड गुपित आहे. आमच्या घरी त्यातील एकाही सेवेची वर्गणी नाही. तरीही अंधारात चाचपडताना अंगठा हमखास तिथेच पडतो आणि पडद्यावर वर्गणी भरण्याचे आमंत्रण झळकते. बटणे कमी करायची होती, तर आधी ही काढायला हवी होती. माझ्या पत्नीला सगळ्या मराठी वाहिन्यांचे क्रमांक पाठ आहेत. ते पाठ करण्याचे कष्ट तिने घेतले, ते आपल्या हिशेबी आळसात जमा होतात का?

स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला

दोन्ही साहेबांनी आमच्या टेबलापाशी येऊन बसावे. जुन्या रिमोटमध्ये 940 नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड दिवा असतो आणि तो बहुधा 38 किलोहर्ट्झने लुकलुकतो. संदेश एकाच दिशेने जातो, ओळख पटवण्याची भानगड नसते, म्हणून त्याच जातीचा कुठलाही बाजारातला रिमोट आणला की काम होते. बिघडतो म्हणजे तरी काय? सेल गळून स्प्रिंगवर क्षार चढतात, किंवा रबरी बटणांखालचे कार्बन झिजते. साफ केले की पुन्हा चालू. दिवा पेटतो का, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहून घरीच कळते. ब्लूटूथ रिमोट मात्र टीव्हीशी जोडून घ्यावा लागतो, आणि तो हरवला की गिऱ्हाईक मूळ कंपनीच्याच दारात उभे राहते.

घोडबंदरकर साहेबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळ ब्लूटूथ रिमोटमध्ये टीव्ही चालू करण्याचे बटण अजूनही इन्फ्रारेडवरच चालते, कारण बंद टीव्हीचे ब्लूटूथ अनेकदा झोपलेले असते. ज्या तंत्राला आपण म्हातारे ठरवले, तेच सकाळी आपला टीव्ही उठवते.

ऐरोलीची सूनबाई

काका, तुमचा इतिहास उत्तम आहे, पण माझ्या सासूबाईंना कंपवात आहे. आकड्यांचा रिमोट हाती दिला की एका बटणाऐवजी तीन दाबली जातात, आणि मग त्या चिडून टीव्हीच बंद करायला सांगतात. बोलून चालणारा रिमोट आल्यापासून त्या स्वतः कीर्तन लावतात. कोणाला हाक मारावी लागत नाही, याचे त्यांना काय वाटते ते मी रोज पाहते. त्यामुळे सगळे नवे रिमोट कंपन्यांचा डाव आहेत, हे ऐकून घेण्याची माझी तयारी नाही.

नौपाड्याचा जुना रहिवासी

ताई, सासूबाईंची सोय होते आहे, त्याबद्दल वाद नाही. बोलण्याचे बटण जरूर असावे. त्यासाठी आकडे का काढावे लागतात, हा माझा प्रश्न तसाच उरतो. आमची ही मालवणी वळणाने बोलते आणि तिला हवे ते सोडून भलतेच काही पडद्यावर येते. शिवाय घरातले बोलणे ऐकणारे यंत्र दिवाणखान्यात ठेवावे का, याचाही विचार करा. अमेरिकेत 2017 मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीला, प्रेक्षकांच्या संमतीशिवाय माहिती गोळा केल्याबद्दल 22 लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावे लागले होते.

सीवूड्सचा सॉफ्टवेअरवाला

उदाहरण अर्धेच दिलेत. व्हिझिओचे प्रकरण मायक्रोफोनचे नव्हते. पडद्यावर काय चालले आहे ते टीव्ही ओळखत होता आणि कळवत होता. रिमोटवर पन्नास बटणे असती तरी ते तसेच घडले असते.

मुळात आपण चुकीच्या आरोपीला धरून बसलो आहोत. ठाणे आणि नवी मुंबईत 31 मार्च 2013 च्या मुदतीने केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे झाले, घरोघरी सेट टॉप बॉक्स आले, आणि तेव्हापासून प्रत्येक दिवाणखान्यात दोन रिमोट नांदू लागले: चॅनल एकाने, टीव्ही दुसऱ्याने, आणि आवाज कोणत्या रिमोटने वाढवायचा यावर रोजचा कलह. नौपाड्याच्या काकूंना वाहिन्यांचे जे क्रमांक पाठ आहेत ते बॉक्सचे आहेत, आणि बॉक्सच्या रिमोटवर आकडे आजही आहेत. टीव्हीच्या रिमोटवर ते हवेतच कशाला?

वाशीचा त्रस्त ग्राहक

अखेर कोणीतरी बॉक्सवर बोलले. आमच्या केबलवाल्याने दिलेला रिमोट काही महिन्यांत मान टाकतो, नवा मागितला की पैसे मागतो, आणि पावतीचे नाव काढले की फोन ठेवतो. शिवाय जाहिराती लागल्या की आवाज एकदम चढतो आणि तो कमी करायला दुसरा रिमोट शोधेपर्यंत जाहिरात संपते. भारतीय मानक ब्यूरोने आयएस 18112 हे मानक 2022 मध्ये केले आहे. त्यानुसार टीव्हीतच उपग्रह ट्यूनर, म्हणजे उपग्रहाचे संकेत पकडणारा भाग असला, तर छतावरच्या डिशची तार थेट टीव्हीला जोडून निःशुल्क वाहिन्या बॉक्सशिवाय दिसू शकतात. मग दुसरा रिमोट उरतोच कुठे?

सीवूड्सचा सॉफ्टवेअरवाला

निःशुल्क वाहिन्यांपुरते ठीक आहे. आपल्या मालिका सशुल्क वाहिन्यांवर असतील, तर बॉक्स काही जात नाही. खरा उपाय टीव्हीतच आहे आणि कोणी वापरत नाही. बॉक्स टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय तारेच्या तेराव्या पिनेवरून सीईसी नावाचा संवाद चालतो, त्यामुळे एका रिमोटने दुसरे यंत्र हाकता येते. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिमलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करायचे, एवढेच काम आहे.

स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला

एवढेच काम असते, तर मी घरोघरी गेलो नसतो. केबलचे कितीतरी बॉक्स अजून पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडलेले असतात. त्यातून चित्र आणि आवाज जातो, सीईसी जात नाही. एचडीएमआय असलेल्या बॉक्समध्येही ते असेलच, याची खात्री नसते. त्यापेक्षा डीटीएचच्या अनेक रिमोटना टीव्हीच्या रिमोटची आवाजाची आणि चालू-बंदची बटणे शिकवता येतात, ते करून पाहा. अर्थात त्यासाठी दोन्ही रिमोट इन्फ्रारेडचे असावे लागतात. टीव्हीचा रिमोट ब्लूटूथवर बोलत असेल, तर शिकवणार कोण आणि शिकणार कोण?

घोडबंदरकर

म्हणजे जगात जे जे बिघडले ते ब्लूटूथने, असा निवाडा झालेला दिसतो. शहाण्यांच्या सभेत मी एकटाच अडाणी ठरलो, ठीक आहे. ओटीटीची बटणे मलाही नको आहेत, हे लिहून ठेवा. पण नौपाड्याच्या साहेबांनी ऐरोलीच्या ताईंना दिलेले उत्तर पुन्हा वाचावे. स्वतःच्या पत्नीची सवय हा पुरावा आणि दुसऱ्याच्या सासूबाईंचा आजार ही केवळ सोय, हा न्याय कोणता?

नौपाड्याचा जुना रहिवासी

मी ताईंच्या सासूबाईंना कमी लेखलेले नाही. आपण माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नयेत. सीवूड्सच्या गृहस्थांचा आकड्यांविषयीचा मुद्दा, त्यातला आगाऊ सूर वगळला तर, केबलच्या घरांपुरता मान्य. आमच्या गच्चीवर मात्र निःशुल्क वाहिन्यांची डिश आहे, तिची तार टीव्हीतल्याच ट्यूनरला जोडलेली आहे, आणि आकडे टीव्हीच्याच रिमोटवर लागतात. वाशीकर ज्याची वाट पाहत आहेत ते सर्वत्र झाले, तर प्रत्येक घराला तेच लागेल. त्याचे उत्तर कोणाकडे असेल तर द्यावे.

सीवूड्सचा सॉफ्टवेअरवाला

काही टीव्हींमध्ये पडद्यावरच आकड्यांची पाटी उघडते.

नौपाड्याचा जुना रहिवासी

उघडते. मग बाणाचे बटण दाबत एकेक आकड्यापर्यंत चालत जायचे आणि तीन आकडी वाहिनीसाठी तीन वेळा मुक्काम करायचा. यालाच आपल्याकडे प्रगती म्हणतात, हे मान्य आहे.

ऐरोलीची सूनबाई

तुमचे चालू द्या. मी आत्ताच टीव्हीमागे टॉर्च मारून पाहिले. आमच्या बॉक्सला एचडीएमआयचे तोंडच नाही, तीन रंगांच्या पिना आहेत. केबलवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला की एचडी बॉक्स घ्या, पैसे वेगळे पडतील. सीईसी त्यात चालेल का, असे विचारल्यावर त्याने मलाच विचारले, की ते कोणते चॅनल आहे.