वाल्डहाइम सज्जन की खोटारडा?

वाटसरू: काल इथे एकाने लिहिलं, 'कुर्त वाल्डहाइम म्हणजे अमेरिकेने बळी दिलेला सज्जन मुत्सद्दी.' डोक्यातच गेलं. १९४५ला ऑस्ट्रियाच्या परराष्ट्र सेवेत, १९६८ला परराष्ट्रमंत्री, १९७२ ते ८१ संयुक्त राष्ट्रांचा महासचिव. मान्य, माणूस कर्तबगार. पण स्वतःची कहाणी काय सांगायचा? १९४१ला रशियात जखमी झालो, मग व्हिएन्नात कायदा शिकलो. आणि बाल्कनमधली वर्षं? गिळली! ग्रीसमधल्या थेसालोनिकीजवळच्या जर्मन लष्करी मुख्यालयात हा अधिकारी. १९४३मध्ये त्या शहरातले चाळीस हजारांहून जास्त ज्यू आउश्वित्झच्या मृत्युछावणीत धाडले, आणि याला म्हणे पत्ताच नव्हता.

सदाभाऊ: तो काल लिहिणारा मीच. त्याच्या युद्धकाळाबद्दलचा १९८८चा इतिहासकारांच्या आयोगाचा अहवाल वाचलात? व्यक्तिशः गुन्हा सिद्ध नाही.

वाटसरू: अत्याचारांची माहिती होती, हेही त्यातच आहे. अर्धंच वाचायची सवय तुमची.

मिसळतर्री: अहो, लपवत कोण नाही? माझ्या मामेबहिणीच्या बायोडेटात मोडलेला साखरपुडा नव्हता लिहिला. लग्नानंतर सासरी कळलं. आज दोन मुलं आहेत, सुखात आहे.

चिंगी: लिहायलाच हवा होता. माझ्या नणंदेच्या बाबतीत हेच झालं, सहा महिन्यांत माहेरी परत.

मिसळतर्री: मुलांचे मोडलेले साखरपुडे कोण लिहितं हो?

चिंगी: तेही लिहावेत! आणि पगारही खरा लिहावा.

वाटसरू: साखरपुडा आणि आउश्वित्झ एका तागडीत? लाज वाटू द्या जरा.

मिसळतर्री: आवाज खाली. उदाहरण दिलं, तुलना नाही केली.

डॅन्यूबकाठी: बारा वर्षं व्हिएन्नात आहे. आमच्या इमारतीतल्या आजी म्हणतात, १९८६ला राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याला मत दिलं ते बाहेरच्यांनी आमच्या घरात नाक खुपसलं म्हणून. ५३.९ टक्के मतं मिळाली. 'मी फक्त कर्तव्य केलं' हे त्याचं वाक्य तेव्हा घरोघरी पटलं होतं, कारण घरोघरी तसाच एक बाप होता. चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) सिनोवाट्झने टोमणा मारला, वाल्डहाइम एसएच्या, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाच्या, घोडदळात नव्हता, त्याचा घोडा तेवढा होता! पण त्या भांडणामुळेच देश बोलता झाला. १९९१ला चॅन्सेलर व्रानित्स्कीने संसदेत नाझी अत्याचारांमधली ऑस्ट्रियनांच्या वाट्याची जबाबदारी कबूल केली.

सदाभाऊ: म्हणजे खोटं बोलून का होईना, देशाचं भलंच केलं की!

वाटसरू: वा! मग पुतळाच उभारा.

सदाभाऊ: बरं बाबा, १९८७ला अमेरिकेने प्रवेशबंदी केली ती अगदीच उगाच नव्हती. झालं समाधान? तरी व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर पृथ्वीतर्फे नमस्कार त्याचाच आहे. तो कसा पुसणार?

चिंगी: ते राहू द्या. साखरपुडा मोडला कोणी, ते सांगा.